सांगलीच्या गणपती पेठेतला आमचा वाडा: सगळे विचारतात ते प्रश्न, एकदाच उत्तरं

आपल्या फॅमिली ग्रुपवर, फोनवर, लग्नात जेवणाच्या पंगतीत आणि आता तर अनोळखी लोकसुद्धा दारात उभे राहून हेच प्रश्न विचारतात. वाड्याला हेरिटेज म्हणून संरक्षण मिळावं असा अर्ज करायचं चाललंय हे कळल्यापासून तर जास्तच. मी वकील नाही, आर्किटेक्ट पण नाही, वाड्यात राहते आणि गेली दोन वर्षं नियम वाचतेय एवढंच. तेव्हा अर्जावर सही करायच्या आधी हे वाचा, मग भांडूया.

वाडा नक्की किती जुना आहे?

खरं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. सांगलीच मुळात तशी नवी. १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे निघाले आणि सांगलीला गादी केली, त्याआधी हे कृष्णेकाठचं लहान गाव होतं, गावभाग म्हणतो ना आपण ते. मग गणेशदुर्ग, नदीकाठी गणपतीचं देऊळ, आणि देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर व्यापाऱ्यांची पेठ. जैन, लिंगायत, गुजराती, मारवाडी, ब्राह्मण, सगळ्यांच्या पेढ्या. आपल्या हातात असलेला सगळ्यात जुना कागद म्हणजे १८९४ चं खरेदीखत आणि त्यातच "जुना वाडा" असं लिहिलंय, म्हणजे त्याच्याही आधीचा.

आणि एक, दादा सगळ्यांना सांगत सुटलाय की कौलावर १८६५ लिहिलंय म्हणजे वाडा १८६५ चा. अरे बाबा ते मंगळूरच्या बेसल मिशनच्या कौलाच्या कारखान्याचं साल आहे, कारखाना तेव्हा सुरू झाला. त्यावरून एवढंच कळतं की पुढचं छप्पर त्या सालानंतरचं आहे. मागच्या बाजूला अजून मातीचं माळवद, म्हणजे सपाट छत आहे, ते जास्त जुनं असणार.

बघायला काय आहे त्यात? शनिवारवाड्यासारखं काही आहे का?

नाही. हे आधीच सांगते कारण पुण्याहून आलेले लोक हिरमुसतात. बुरूज नाही, नगारखाना नाही, कारंजं नाही. हा सरदाराचा वाडा नाही, अडत्याचा, म्हणजे शेतमालाच्या दलालाचा वाडा आहे. त्यात दाखवायला कमी आणि वापरायला जास्त होतं.

रस्त्याला लागून तीन खण दुकान. शटर नाही, सागवानी फळ्या, एकात एक सरकवायच्या, प्रत्येकीवर आकडा कोरलाय, सकाळी काढायच्या आणि रात्री त्याच क्रमाने लावायच्या. क्रम चुकला की शेवटची फळी बसतच नाही, लहानपणी आम्ही मुद्दाम चुकवायचो आणि आण्णांचा मार खायचो. आत गादी, तक्क्या, उतरतं लाकडी मेज, आणि वर तुळईला लोखंडी हूक. तो झोपाळ्याचा हूक नाही बरं का, झोपाळा काकांनी नंतर टांगला. तो तराजूचा हूक आहे.

दुकानामागे सोपा, मग चौक, चौकाच्या डावीकडे माजघर आणि स्वयंपाकघर, मागे वखार, वखारीच्या मागे परस. बाजूने बोळ, त्या बोळातनं बैलगाडी थेट वखारीपर्यंत जायची, कोपऱ्यावर भिंतीला चाक घासू नये म्हणून दगड पुरलेत ते अजून आहेत (ज्याच्यावर प्रत्येक पाहुण्याच्या गाडीचा बंपर एकदा तरी घासतो तेच). म्हणजे माल एका वाटेने, गिऱ्हाईक दुसऱ्या वाटेने, आणि घरातल्या बायका चौकातून. एकमेकांच्या पायात कुणी येत नाही. एवढं डोकं आताच्या फ्लॅटमध्ये कोण लावतं सांगा.

माडीवर तिजोरीची खोली आणि चोपड्यांची फडताळं. भिंतीतल्या बळदात धान्य साठवायचे, वरून ओतायचं आणि खालच्या भोकातनं काढायचं.

पण हळद तर सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात ठेवायचे ना? मग वखार कशाला?

चांगला प्रश्न आणि तो चक्क एका शाळकरी मुलाने विचारला होता. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं, हंड्यासारखं. हरिपूरची माती त्याला चालते, म्हणून शेकड्यांनी पेवं तिथेच होती. आत हळद भरून तोंड बंद केलं की हवा लागत नाही, किडा लागत नाही, रंग टिकतो, भाव येईपर्यंत माल वर्षानुवर्षं ठेवता यायचा. उघडताना मात्र लगेच कोणी उतरायचं नाही, आत श्वास घेण्याजोगी हवा नसते, आधी कंदील सोडून बघायचे विझतो का.

तर साठवण हरिपूरला आणि सौदा पेठेत. वखारीत आलेला माल उतरायचा, निवडायचा, तोलायचा, बारदानात भरायचा, आणि पुढच्या आठवड्यात तो निघालेला असायचा. सौदा दुकानात, रुमालाखाली हातात हात घालून, बोटांनी भाव सांगायचा म्हणजे शेजारच्याला कळू नये. आण्णा म्हणायचे तोंडाने बोललेला भाव सगळ्या पेठेचा होतो. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा आण्णा नव्हते, पण पेवांची हालत त्यांनी पाहिली होती, २००५ च्या पुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं आणि माल गेला.

सौदे नंतर मार्केट यार्डात गेले. पेठेत किराणा, भांडी, मसाले राहिलं. हळदीचा वास वखारीच्या लाकडात अजून आहे, पावसाळ्यात तर जास्तच.

जोतं एवढं उंच का? आईला गुडघ्यांनी चढवत नाही, एक पायरी कमी करता येईल का?

पायरी करता येईल, म्हणजे बाहेरून एक लहान जादाची. जोतं कमी करायचं नाही. ते नदीसाठी आहे.

आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. हे आकडे सांगलीत शेंबड्या पोराला पण पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आपल्या दुकानाच्या दारालगत खांबावर रेघा मारल्यात, २००५ ची आणि २०२१ ची जवळजवळ चिकटून आहेत आणि २०१९ ची त्यांच्या दोन हात वर आहे. साधारण दरवर्षीचं पाणी रस्त्यावर येऊन जोत्याशी थांबतं, त्या हिशोबाने बांधलंय. २०१९ चं कोणाच्याच हिशोबात नव्हतं.

आणि जिना बघा कुठे आहे, दुकानातून थेट माडीवर. चोपड्या, तिजोरी, देव, सगळं दहा मिनिटांत वर. २०१९ ला आम्ही वाचलो ते याच जिन्यामुळे, रोजमेळ आणि खतावण्या, म्हणजे हिशोबाच्या वह्या वर नेल्या, फ्रीज आणि वॉशिंग मशीन मात्र गेलं कारण ते जिन्यात मावेना.

संरक्षित झाला म्हणजे सरकार ताब्यात घेणार का?

नाही नाही नाही. सगळ्यात जास्त वेळा हेच विचारलं जातं म्हणून जरा नीट सांगते, आणि कृपया हा भाग वाचल्याशिवाय आत्याला फोन करून घाबरवू नका.

संरक्षण तीन प्रकारचं असतं. एक केंद्राचं, १९५८ च्या कायद्याखाली, भारतीय पुरातत्त्व खातं बघतं, लेण्या, मोठे किल्ले वगैरे. दुसरं राज्याचं, १९६० चा महाराष्ट्राचा कायदा, राज्य पुरातत्त्व खातं. तिसरं महापालिकेच्या पातळीवरची हेरिटेज यादी, ती नगररचनेच्या नियमांतून येते. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर म्हणतात तिला, त्यात हेरिटेज इमारतींचा भाग आहे. आपण बोलतोय ते या तिसऱ्याबद्दल. यात मालक मालकच राहतो, राहणारा राहतोच, दुकान चालतंच. बदलतं एवढंच की पाडायच्या किंवा बदल करायच्या आधी परवानगी लागते आणि ती देताना हेरिटेज समितीचं मत घेतात.

यादीत नाव घालण्याआधी हरकती आणि सूचना मागवतात. तेव्हा ज्याला विरोध करायचाय त्याने तेव्हा लेखी करावा, ग्रुपवर अंगठा उलटा दाखवून काही होत नाही.

ग्रेड तीन असतात. पहिला ग्रेड म्हणजे जवळपास हातच लावायचा नाही. दुसऱ्यात आतून थोडे बदल, विचार करून. तिसरा ग्रेड अशा इमारतींना जिच्यामुळे त्या गल्लीला, त्या पेठेला तिचा चेहरा आहे, त्यात आतले बाहेरचे बरेचसे बदल चालतात फक्त तो चेहरा मोडायचा नाही. आपल्याला मिळालाच तर तिसरा मिळेल असं मला वाटतं, आणि मला तोच पाहिजे.

शेजारचे म्हणतात तुमच्यामुळे आम्हाला बांधकाम करता येणार नाही, १०० मीटरचा नियम आहे म्हणे?

तो नियम केंद्राच्या स्मारकांना आहे. १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीने, २०१० च्या दुरुस्तीत ते कायद्यातच आलं. महापालिकेच्या यादीतल्या वाड्याभोवती असलं १०० मीटरचं वर्तुळ पडत नाही. शेजारच्या काकांना मी हे तीनदा सांगितलंय, चहा पाजून. ते मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी परत तेच म्हणतात.

यादीत गेला तर विकता येईल का? आमचा हिस्सा अडकून पडेल का?

विकता येतो. घेणाऱ्याला पण तीच बंधनं लागू होतात, एवढंच. किंमत कमी येईल का, तर बिल्डरकडून कमी येईल, हो, खोटं कशाला बोलू. पण हिस्सा अडकलाय तो हेरिटेजमुळे नाही, प्रॉपर्टी कार्डवर अजून पणजोबांच्या दोन मुलांचीच नावं आहेत म्हणून अडकलाय. वारस नोंद झालेली नाही. आत्यांचा हक्क धरायचा की नाही यावर चर्चा करू नका, २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे, संपला विषय. आधी वारस नोंद करा मग विकायचं बोलू.

रंग, बाथरूम, एसी, काहीच करता येणार नाही ना मग?

येतं. फक्त आधी विचारायचं, नियमात दुरुस्ती आणि रंगकामसुद्धा परवानगीत धरलंय, ते कटकटीचं आहे हे मान्य. पण परवानगी लागते म्हणजे नकार मिळतो असं नाही. मागच्या पडवीत बाथरूम, वायरिंग नवीन, स्वयंपाकघरात ओटा, यात कोणाला काय अडचण असणार. दर्शनी भागावर एसीचा डबा आणि अल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या मात्र मलाच नको आहेत, समितीचं सोडा.

सिमेंटने एकदाच पक्कं करून टाकलं तर?

हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं कारण आपण ते एकदा केलंय. २००५ च्या पुरानंतर वखारीच्या भिंतीला आतून बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला, मिस्त्री म्हणाला पन्नास वर्षं बघायला नको. भिंत आहे पांढऱ्या मातीची आणि कच्च्या विटांची. ती पाणी पिते आणि सोडते, चुन्याचा गिलावा ते सोडू देतो. सिमेंट सोडू देत नाही. ओल आत कोंडली, खार वर चढला, गिलाव्याला पोपडे आले, आणि त्या ओलीने आतल्या लाकडाच्या खांबाला वाळवी लागली. २०१९ चं पाणी उतरल्यावर तीच भिंत बसली. चुन्याची भिंत, जी आम्ही पैसे नव्हते म्हणून तशीच ठेवली होती, ती उभी आहे.

मातीची भिंत पाण्यात असताना सहसा पडत नाही, पाणी उतरल्यावर आणि वर ऊन पडल्यावर पडते, हे पेठेतल्या कोणालाही विचारा. म्हणून पूर ओसरला की घाईने सगळं वाळवायला हॅलोजन लावायचे नाहीत, दारं खिडक्या उघड्या टाकायच्या, गाळ आधी काढायचा, आणि भिंतीला टेकू देऊन थांबायचं.

भिंत बसली तरी वरचं माळवद का नाही आलं खाली, हे पण विचारतात. कारण तिथे वाड्याचा भार भिंतीवर नाहीच, तो खांब, तुळई आणि कड्यांच्या (छताच्या आडव्या लाकडांच्या) सांगाड्यावर आहे. भिंत मधे नुसती भरलेली. खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, जमिनीत पुरलेला नसतो, म्हणून त्याचा पाय कुजत नाही. सिमेंटने आपण तोच पाय झाकून टाकला होता.

चुना करायला वेळ लागतो, भिजवून मुरवायचा, घाण्यात मळायचा, गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर असं काय काय घालतात. करणारे गवंडी कमी राहिलेत पण आहेत.

पैसे कुठून येणार?

इथे माझ्याकडे गोड उत्तर नाही. यादीत गेलं की कोणी दरवर्षी चेक पाठवत नाही. हेरिटेजमुळे जे बांधकाम करता येत नाही त्याच्या बदल्यात टीडीआर मिळायची तरतूद आहे, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकायचा, पण तो विकत घेणारा असला तर त्याला भाव, मुंबई-पुण्यासारखी मागणी इथे असेलच असं धरून चालू नका. बाकी दुकानाचं भाडं आणि आपली वर्गणी.

भाड्याचं तर विचारूच नका. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, वर्षाला ४ टक्के वाढ. आजोबांच्या काळातल्या भाड्यावर ४ टक्के म्हणजे त्यात एक भडंगचं पाकीट येतं. तरी दुकानातले भाडेकरू गेले नाहीत हे माझ्या मते वाड्याचं नशीब आहे, रोज फळ्या उघडतात, रोज झाडतात, छपरातनं गळलं तर पहिले तेच ओरडतात. पेठेत कुलूप लागलेले वाडे बघा, तीन पावसाळ्यांत पिंपळ उगवतो.

धोकादायक इमारत म्हणून नोटीस आली तर?

दर पावसाळ्याआधी जुन्या पेठांत अशा नोटिसा लागतात आणि लागायलाच पाहिजेत, जिवाचा प्रश्न आहे. पण धोकादायक म्हणजे पाडाच असं नसतं. इमारतींची वर्गवारी करतात, सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ मध्ये दुरुस्ती, काही वेळा रिकामी करून आणि काही वेळा राहत्यातच, सी-३ म्हणजे किरकोळ. ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच. ऑडिट करणारा लाकूड आणि माती समजणारा पाहिजे. आरसीसीच्या नजरेने बघितलं तर पेठेतला प्रत्येक वाडा आजच पडणार.

पुढची दारं आणि खांब विकून टाकूया का? चांगली ऑफर आलीय.

मला माहितेय कोणाला आलीय. रिसॉर्टवाले, हॉटेलवाले जुन्या वाड्यांची दारं, गणेशपट्टी, कोरीव ब्रॅकेट घेऊन जातात आणि तिकडे "पारंपरिक लूक" करतात. १०० वर्षांवरच्या कोरीव कामाला १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागू होतो, देशाबाहेर नेता येत नाही, आणि त्याचा धंदा करणाऱ्याला लायसन लागतं. समोर आलेल्या माणसाला लायसन दाखव म्हणा, बघा किती वेळ थांबतो. आणि कायदा बाजूला ठेवा, खांब काढला तर माळवद कशावर राहणार? ते शोभेचं नाही ओ.

मग नुसता पुढचा भाग ठेवू आणि मागे चार मजले काढू, सगळ्यांचंच भागेल की.

हा मधला मार्ग ऐकायला छान वाटतो आणि काकासुद्धा त्याला हो म्हणाले होते. माझा विरोध आहे, कारण सांगते.

पुढचा भाग म्हणजे फळ्या आणि सज्जा. त्याच्यामागे लिफ्टची लॉबी असेल तर ती फळी कोणासाठी काढायची? हा वाडा रस्त्यापासून परसापर्यंत एका ओळीत चालतो, गिऱ्हाईक, गादी, चौक, वखार, बोळ. पेठेतले सगळे प्लॉट असेच, तोंडाला अरुंद आणि आत लांबलचक, कारण रस्त्यावरचं तोंड सगळ्यांनाच पाहिजे होतं. चौकातून उजेड आणि वारा मागपर्यंत जातो, पावसाचं पाणी चौकात पडून मोरीने रस्त्याला जातं. मागे काँक्रीट भरलं की ते पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत जाणार, त्याची भिंत पण मातीचीच आहे. आणि वाडा पेठेपासून सुटा नाहीच, आपली एक भिंत शेजारच्यांची पण आहे, दोघांच्या कड्या तिच्यात शिरल्यात. एक काढला की दुसरा कलतो, हे आपल्याच गल्लीत झालंय.

त्यापेक्षा वखार भाड्याने द्या, तिथे मसाल्याचं पॅकिंग चालू शकतं, माडीवर दोन खोल्या पाहुण्यांना. वापर बदलायला नियमात जागा आहे.

प्री-वेडिंग शूट करता येईल का?

चौकात, सकाळी अकराच्या आत, दुकान चालू असेल तर दुकानात नाही. धूर सोडणारं मशीन नको. मागच्या वेळी हळदीच्या कार्यक्रमाचं शूट म्हणून वखारीत रंग उधळला, हळद नव्हती ती, रंगच होता, तुळईवरून अजून निघाला नाही.

आर्किटेक्चरचे विद्यार्थी आहोत, मोजमाप घेऊ का?

जरूर या, नकाशाची एक कॉपी आम्हाला द्या. बळदात उतरू नका.

दिवाळीला सगळे येतोय, गाडी कुठे लावायची?

बोळात नाही. गणपतीच्या देवळाकडे गर्दी असते, लक्ष्मीपूजनाला पेठेत पाय ठेवायला जागा नसते, गाडी लांबच लावा आणि चालत या. पूजन दुकानातच, संध्याकाळी, नवीन रोजमेळावर आधी भाडेकरूंची पूजा मग आपली, दरवर्षीसारखी. आणि येताना प्रत्येकाने आपल्या आधार कार्डची झेरॉक्स आणि आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची ज्याच्याकडे असेल ती कॉपी आणा, वारस नोंदीचा फॉर्म माडीवर टेबलावर ठेवलेला असेल.